मत्स्यालयासाठी मासे पकडल्याने प्रवाळभित्तीचे खरेच नुकसान होते का?

आपल्याला घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवायचे आहे, पण त्यातले मासे प्रवाळभित्तीवरून, म्हणजे प्रवाळ या लहान समुद्री जीवांच्या सांगाड्यांनी बनलेल्या खडकांवरून, धरून आणतात हे कळल्यापासून मन कचरते आहे, आणि मूठभर माशांनी समुद्राचे काय बिघडणार, असे आपण विचारले आहे. मी भंडारा जिल्ह्यात मामा तलावावर (जुन्या मालगुजारी काळातल्या तलावावर) मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातला आहे. नुकसान होते, मात्र किती मासे काढले यापेक्षा ते कसे काढले आणि कोणते काढले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालात समुद्री शोभिवंत माशांची वार्षिक उलाढाल २ ते २.४ कोटी नगांची सांगितली आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे पैदास केलेले असतात. समुद्री मासे मात्र बहुतांशी भित्तीवरूनच येतात. फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेल्या आणि पुढे इंडोनेशियातही पसरलेल्या एका रीतीत पाणबुडे सोडियम सायनाइडचे पाणी बाटलीतून प्रवाळांच्या फटींत मारतात, मासा गुंगला की उचलतात, आणि त्याच विषाने प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाळे मरतात. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटून डोह उरले की काही जण त्यात विष कालवतात. मोठे मासे वेचून नेल्यावर मागे झिंगे आणि पिल्ले कुजत पडतात, तो वास मी लहानपणापासून ओळखतो. डोह निदान पुढच्या पुरात धुऊन निघतो, पण कित्येक प्रवाळ वर्षाला एखादा सेंटीमीटरसुद्धा वाढत नाहीत.

जातीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आमच्या तलावात रोहू-कटला स्वतःहून वीत नाहीत, म्हणून आम्ही पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून सोडतो. भित्तीवर असे कोणी सोडत नाही. बहुतेक भित्तीमाशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात, त्यामुळे रिकामी जागा कधीतरी भरते. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळच्या कार्डिनल माशाचा नर मात्र अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो आणि पिल्ले तिथेच वाढतात, म्हणून एका जागचे मासे उपसले की बाहेरून भरपाई होत नाही. अतोनात पकडीमुळे २००७ साली हा मासा धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त ठरला.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. हवाईच्या पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे ३५ टक्के भागात १९९९ च्या अखेरीस मत्स्यालयांसाठीची पकड बंद झाली, आणि तिथे पिवळ्या टँग माशांची संख्या पुढे वाढली. प्रवाळांचा सर्वांत मोठा शत्रू समुद्राचे वाढते तापमान आहे, हे मान्य करूनही विषाने होणारी हानी मला क्षम्य वाटत नाही, कारण ती आपल्या मागणीतून होते आणि थांबवता येते.

म्हणून क्लाउनफिशसारखी पैदास केलेली जातच घ्या; भारतातही केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तिची पैदास साधली आहे. मासा कोणत्या पैदास केंद्रातून आला हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तो घेऊ नका. टाकीत जिवंत प्रवाळ मात्र मागूच नका. आपल्याकडे २००१ साली कठीण प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, समावेश झाला आहे.