"मॅडम, घरी कळेल का?"

समुपदेशनाला येणारी बहुतेक मुलं खुर्चीत टेकायच्या आत हेच विचारतात. त्यानंही विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मूळचा बीड जिल्ह्यातला, छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. करणारा. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. रात्री एकाएकी धडधड सुरू व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या, आता काही आपण वाचत नाही असं वाटायचं. ईसीजी, थायरॉईड, सगळं नॉर्मल. गावी उतारासुद्धा टाकून झाला होता.

त्याला घेऊन आला वसतिगृहातला त्याचा येमेनी मित्र. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, आमच्या अरबीत याला 'दीक' म्हणतात, छाती आवळल्यासारखी होते. पोरगा एकदम बोलला, "हां, तसंच! जीव गुदमरतो." मी आधीच 'ॲन्झायटी' म्हणाले असते, तर तो उठून गेला असता.

घरी कळणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिलाय. जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्याच प्रसंगी, गरजेपुरतं सांगता येतं. हे ऐकल्यावर त्याचे खांदे खाली आले.

मग मुंग्यांचं कारण सांगितलं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटं बधिरतात, डोकं हलकं होतं. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. तिथंच दोघांनी मिळून करून पाहिलं. रात्री फारच झालं तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायचा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. "यंदाची उचल माझ्या खोलीभाड्यात गेली, मॅडम. आई पहाटे चारला फडात असते. तिला कसं सांगू, मला झोप येत नाही म्हणून?"

मी काहीच सुचवलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यानंच आईला फोन केला होता. आई म्हणाली होती, "मला तुझ्या आवाजावरूनच कळलं होतं."

धडधड अजून होते, पण कमी. एक पेपर राहिला, तो पुन्हा देणार आहे.

परवा येमेनी मित्र एकटाच आला. दार लावून घेतलं, बराच वेळ चपलेकडे बघत उभा राहिला. मग विचारलं, "घरी तर नाही ना कळणार?"