चौदाशे ओळींची पाइपलाइन कुठून फोडायची?

प्रश्न : आमची गिटलॅबची पाइपलाइन (कोड पुश केला की बिल्ड, टेस्ट, डिप्लॉय आपोआप करणारी साखळी) एकाच यामल, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या, फाइलमध्ये आहे आणि ती चौदाशे ओळींवर गेली आहे. तीन सर्व्हिसेस असल्यामुळे बिल्ड, टेस्ट, इमेज, डिप्लॉय हे सगळं तीनदा चिकटवलेलं. एके ठिकाणी हात लावला की भलताच जॉब (साखळीतलं एक काम) लाल होतो, म्हणजे पडतो, रीट्राय केला की कधीकधी हिरवाही होतो. मी इन्क्लूड (एका फाइलमध्ये दुसरी जोडायची सोय) वापरून फाइलचे तुकडे करायला घेतलेत, पण टीममधले सीनियर म्हणतात, याने काही फरक पडणार नाही. काय करू?

उत्तर : तुमच्या सीनियरचं म्हणणं मला पटतं. तरीही काम थांबवू नका, फक्त सुरुवात दुसरीकडून करा. इन्क्लूडने जोडलेल्या सगळ्या फाइल्स गिटलॅब आधी एकत्र करतो आणि मगच पाइपलाइन चालवतो. त्याच्या लेखी चौदाशे ओळी चौदाशेच राहतात. शिवाय दोन फाइल्समध्ये एकाच नावाचा जॉब आला तर ते एकमेकांत मिसळतात आणि नंतरच्या फाइलमधली किंमत आधीच्या किंमतीवर बसते. एरर येत नाही. पाइपलाइन एडिटरमध्ये जोडून झालेलं पूर्ण कॉन्फिगरेशन दिसतं, ते एकदा सावकाश वाचा.

माझा आग्रह असा, की यामलमध्ये फक्त क्रम आणि अवलंबित्व असावं, काम नसावं. स्क्रिप्ट या शब्दाखाली वीस-वीस ओळींचं बॅश (कमांड्सची भाषा) लिहिलेलं असेल ते उचला आणि रिपॉझिटरीतच सीआय नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइल्स करून ठेवा. जॉबमध्ये त्या फाइलला हाक मारणारी एक ओळ उरेल. हेच काम मेकफाइलनेही होतं. मेक १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलं, आणि 'हे आधी, मग ते' सांगायला ते आजही पुरेसं आहे. प्रत्येक तुकड्याला मी एकच प्रश्न विचारते : हा माझ्या लॅपटॉपवर, पुश न करता चालतो का? बिल्ड, लिंट (कोड न चालवता चुका शोधणं) आणि टेस्ट तरी चालायलाच हव्यात. एक सेमिकोलन तपासायला कमिट करून रनरची (जॉब चालवणाऱ्या प्रोग्रामची) वाट बघत बसणं, यात माणसांचा फार वेळ जातो आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट बघा. यामलमध्ये लिहिलेल्या कमांड्स गिटलॅबचा रनर बॅशमध्ये चालवतो तेव्हा चूक झाली की थांबणं आणि पाइपफेल (पाइपने जोडलेली एकही कमांड पडली तर सगळी ओळ पडली असं धरणं) या दोन्ही गोष्टी तो स्वतःच लावतो. तीच ओळ तुम्ही वेगळ्या फाइलमध्ये नेली की ती नव्या बॅशमध्ये चालते आणि हे संरक्षण तिथे पोहोचत नाही. समजा, टेस्टचं आउटपुट पाइपने टी (आउटपुट दाखवता दाखवता फाइलमध्येही लिहिणाऱ्या) कमांडला देऊन लॉग साठवताय. टेस्ट पडल्या तरी टी यशस्वी होते, आणि शेवटच्या कमांडचा निकाल तोच पाइपचा निकाल धरला जातो. जॉब हिरवा, टेस्ट लाल. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर सेट कमांडने एररएक्झिट (चूक झाली की थांबणं), नाउनसेट (न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की थांबणं) आणि पाइपफेल हे तिन्ही पर्याय स्वतः लावा.

आता तुमचा रीट्रायने हिरवा होणारा जॉब. माझा संशय कॅशवर आहे. बिल्ड झालेली फाइल पुढच्या जॉबला कॅशमधून जात असेल, तर दुसरा जॉब वेगळ्या रनरवर गेला की ती तिथे नसूही शकते. कॅश ही फक्त वेळ वाचवायला, डाउनलोड केलेल्या पॅकेजेससाठी. तिची की (ओळखीचं नाव) लॉक फाइलवरून, म्हणजे पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीवरून, ठरू द्या. एका जॉबने दुसऱ्याला द्यायची वस्तू आर्टिफॅक्ट (जॉबने तयार करून गिटलॅबकडे जपायला दिलेली फाइल) म्हणूनच जायला हवी. कॅश पूर्ण पुसून पाइपलाइन चालवा. ती हळू चालली तर ठीक, पडली तर चोर सापडला.

एवढं झाल्यावर सीमा आपोआप दिसू लागतात : हा जॉब काय घेतो, काय देतो. मग नीड्स (या जॉबला आधी कोणते जॉब संपायला हवेत, हे सांगणारा शब्द) लावा. ही सोय २०१९ मध्ये गिटलॅब १२.२ मध्ये आली. तिच्यामुळे एका सर्व्हिसची इमेज बाकी दोघींच्या टेस्ट संपायची वाट बघत नाही. शिवाय नीड्समध्ये नाव असलेल्या जॉबचेच आर्टिफॅक्ट्स खाली येतात, एरवी आधीच्या सगळ्या स्टेजेसचे (टप्प्यांचे) येतात.

तीनदा चिकटवलेला भाग सर्वांत शेवटी. नावाआधी टिंब असलेला छुपा जॉब (स्वतः न चालणारा साचा), त्यावर एक्स्टेंड्स (तो साचा उचलणारा शब्द), आणि सर्व्हिसचं नाव व्हेरिएबलमध्ये. एक्स्टेंड्सच्या अकरा पातळ्या चालतात, पण गिटलॅबच तीनच्या पुढे जाऊ नका म्हणतो. मी तर एकीवरच थांबते. आणि तुकडे फार बारीकही करू नका. प्रत्येक जॉबला कंटेनर उठवणं, कोड आणणं, कॅश उतरवणं लागतंच, त्यामुळे पाच सेकंदांच्या दोन तपासण्या एकाच जॉबमध्ये ठेवलेल्या बऱ्या.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्या टीम्ससाठी सामाईक टेम्प्लेट्सची वेगळी रिपॉझिटरी आहे. सगळे तिची मेन ब्रांच वापरतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तिथल्या एका मर्जने, कुणीही काही न बदलता, सगळ्यांच्या पाइपलाइन एकदम बदलतात. इन्क्लूडमध्ये रेफ (कोणती आवृत्ती ते) देऊन ठरावीक टॅग (एका कमिटला दिलेलं नाव) वापरा आणि पुढचा टॅग प्रत्येक टीमला आपल्या सवडीने घेऊ द्या. टेम्प्लेट बाहेरच्या लोकांचं असेल तर टॅगवरही विसंबू नका, पूर्ण कमिट हॅश (त्या कमिटची अंक-अक्षरांची ओळख) लिहा. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्ससाठीच्या (गिटहबची अशीच पाइपलाइनची सोय) 'टीजे-ॲक्शन्स चेंज्ड-फाइल्स' या तेवीस हजारांहून जास्त रिपॉझिटरींत वापरल्या जाणाऱ्या ॲक्शनचे टॅग हल्लेखोरांनी दुसऱ्याच कमिटकडे वळवले, आणि पाइपलाइनमधली गुपितं, म्हणजे पासवर्ड वगैरे, लॉगमध्ये छापली गेली. टॅग हलवता येतो, हॅश हलवता येत नाही.