रोजच्या प्रार्थनेला वेळ काढताना

सुरुवातीलाच तासभर बसायचं ठरवू नका. चौथ्या दिवशी एखादी सकाळ चुकते, मग अपराधी वाटतं आणि सगळंच सुटतं. दहा मिनिटं पुरेत. पण ती रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला जोडा: तोंड धुतलं की लगेच बसायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबलही छापीलच घ्या; ॲप उघडलं की मेसेज दिसतातच.

आधी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. एकूण 150 आहेत, क्रमाने रोज एक. 119वं मात्र 176 वचनांचं. ते आठ-आठ वचनांनी घ्या, मूळ रचनाच तशी आहे. मग मिनिटभर गप्प. त्यानंतर उपकारस्तुती, पापकबुली आणि शेवटी मागणी. बहुतेकांचं इथेच बिनसतं: मागण्यांपासून सुरुवात केली की सगळा वेळ त्यातच जातो. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं वहीत लिहा, दिवसाला तीन-चारच.

शब्द सुचेनात तर मत्तयाच्या शुभवर्तमानातली (अध्याय 6, वचनं 9-13) प्रभूची प्रार्थना ओळीओळीवर थांबत म्हणा. मध्येच एखादं काम आठवलं (आठवतंच!) तर वहीच्या मागच्या पानावर टिपा आणि परत या. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. खूण होती तिथूनच पुढे.