गुहागरला राहताना गाडीचा विमा कुणाकडून घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: गुहागर तालुक्यात समुद्राजवळ घर, गाडी चार वर्षांची स्विफ्ट, पॉलिसी जूनच्या शेवटी संपते. मोबाइलवर 9,800 रुपयांना मिळते आहे, चिपळूणचा ब्रोकर 11,900 सांगतो आणि शोरूमवाले 14,500. घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. तर पॉलिसी कुणाकडून घ्यावी?

माझं उत्तर: चिपळूणच्या माणसाकडून घ्या. पण आधी त्याला काही प्रश्न विचारा. त्यांची सरळ उत्तरं आली नाहीत, तर खुशाल मोबाइलवरून घ्या.

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला आमच्या गल्लीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा माझी गाडी दारातच उभी होती. पहाटे जाग आली तेव्हा अंगणात पाणी होतं, उजाडेपर्यंत ते गाडीच्या सीटवर चढलं. आम्ही वरच्या मजल्यावर. लाइट नाही, फोनला रेंज नाही. पाणी ओसरल्यावर घरात आणि गाडीत सारखाच गाळ. त्या वर्षी मी पॉलिसी ऑनलाइन घेतली होती, आदल्या वर्षीच्या मानाने साधारण दोन हजार रुपये वाचले होते. स्वस्त का पडली, ते तेव्हा मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी जरा पुसून झाल्यावर माझ्या भाच्याने दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून ती सुरू करायचा प्रयत्न केला. मदत म्हणूनच. स्टार्टर दोनदा फिरला, तिसऱ्यांदा आतून ठोका ऐकू आला आणि इंजिन जाम झालं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वर येतो, पाणी काही दाबलं जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाल्याने खोलून दाखवलं तेव्हा कळलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान पाहून रक्कम ठरवणाऱ्या माणसाने, सीट, वायरिंग, कार्पेट, दरवाज्यांच्या आतलं नुकसान धरलं. इंजिन धरलं नाही. त्याचं म्हणणं, पुराने झालेलं नुकसान वेगळं आणि पाणी आत असताना गाडी सुरू केल्यामुळे झालेलं वेगळं, आणि हे दुसरं साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. मी ते घेतलं नव्हतं. 68,000 रुपये खिशातून गेले.

आता शेजाऱ्यांचं ऐका. त्यांची गाडी आमच्यासारखीच, पाणीही तेवढंच. त्यांची पॉलिसी बाजारपेठेतल्या एका माणसाकडची. पाणी उतरल्यावर तो माणूस चिखलातून चालत आपल्या ग्राहकांच्या घरी गेला. त्याचं स्वतःचं दुकान बुडालेलं होतं. प्रत्येकाला एकच सांगत होता: "चावी लावू नका. कुणी कितीही सांगितलं तरी चावी लावू नका, फोटो काढून ठेवा." शेजाऱ्यांनी चावी लावली नाही. क्रेनने गाडी उचलून नेली, इंजिनातलं पाणी काढलं, तेल बदललं, इंजिन वाचलं. शिवाय त्यांच्या पॉलिसीत इंजिनचं कव्हर होतं, कारण त्याने दोन वर्षांपूर्वी पॉलिसी करतानाच विचारलं होतं, "गाडी कुठे लावता?"

हा प्रश्न मला वेबसाइटने विचारला नव्हता. तिथे फक्त एक चौकोन होता, आणि त्यावर टिक न करता मी पुढे गेलो.

म्हणून तुम्हाला सांगतो, तिन्ही आकड्यांची तुलना अशी वरवर करू नका. त्यांतला थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, कुठेही घ्या, सारखाच असतो. तो दर सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी गाडीला तो 2022 पासून वर्षाला 3,416 रुपये आहे, वर 18 टक्के जीएसटी. यात कुणी सूट देतो म्हणाला तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. फरक पडतो तो उरलेल्या भागात, मुख्यतः स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, आणि तिथे किंमत खाली आणायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत. ती उतरवली की हप्ता उतरतो. पण गाडी चोरीला गेली किंवा पुरात पूर्ण गेली तर हातात येणारी रक्कमही तेवढीच उतरते. दुसरी जागा व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधले पहिले काही हजार मी स्वतः भरीन अशी कबुली. स्क्रीनवर ती कधी कधी आधीच टाकलेली असते. तिसरी, झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या किमतीतून घसारा न कापण्याचं कव्हर, काढून टाकणं. तुमची गाडी चार वर्षांची. झिरो डेप नसेल तर लोखंडी पार्टवर 35 टक्के घसारा कापतात, आणि बंपरसारख्या प्लॅस्टिक, रबराच्या वस्तूंवर निम्मी रक्कम. काचेवर मात्र घसारा नाही. माडाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नारळ पडून काच फुटते तेव्हा तिच्या किमतीतून घसारा कापत नाहीत. चौथी जागा म्हणजे मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती कव्हर. तुमच्या दुचाकीच्या पॉलिसीत ते आधीच असेल तर गाडीवर पुन्हा घ्यायची गरज नाही. नसेल आणि ऑनलाइनवाल्याने ते गाळून आकडा दाखवला असेल, तर तो आकडा खरा नाही.

हे चार आकडे तिन्ही ठिकाणी सारखे करून पाहा. माझा अंदाज, 9,800 आणि 11,900 मधलं अंतर बरंच मिटेल. उरेल त्यातले पाच-सातशे रुपये माणसाचे समजा, आणि आनंदाने द्या.

माणूस म्हटलं म्हणजे कुणीही नव्हे, हेही सांगायला हवं. आपल्याकडे दुकानावर बोर्ड लावलेल्या सगळ्यांना आपण ब्रोकर म्हणतो. कायद्याने एजंट हा कंपनीच्या बाजूचा, आणि ब्रोकर ग्राहकाच्या बाजूचा. ब्रोकरला आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, लायसन्स लागतं आणि तो अनेक कंपन्यांच्या पॉलिसी दाखवू शकतो. बाजारात बसलेले बरेच जण मात्र पीओएसपी असतात, म्हणजे कुठल्या तरी कंपनीसाठी किंवा मोठ्या ब्रोकरसाठी पॉलिसी काढून देणारे. आणि गंमत अशी की मोबाइलवर तुलना दाखवणाऱ्या कित्येक साइट्स कागदावर स्वतःच ब्रोकर असतात. तेव्हा खरा मुद्दा ब्रोकर की ऑनलाइन हा नाही. क्लेमच्या दिवशी तुमच्या गाडीपाशी येऊन उभा राहील असा कुणी आहे का, हा आहे.

वाईट माणूस वेबसाइटपेक्षा महाग पडतो, हेही घरातच पाहिलं आहे. माझे मेहुणे राजापूरचे. त्यांनी एका वर्षी क्लेम घेतला होता, म्हणजे त्यांचा नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला होता. एजंटने पुढच्या वर्षी कंपनी बदलून दिली आणि हप्ता कमी दिसावा म्हणून अर्जात बोनस दाखवला. मेहुण्यांनी अर्ज वाचला नाही, सही केली. मग अणुस्कुरा घाटात गाडी कठड्याला घासली. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडून माहिती मागवली, बोनस खोटा निघाला आणि क्लेम फेटाळला. एजंट फोन उचलेना. बोनस हा क्लेम नसलेल्या वर्षांवर वाढत जातो, 20 टक्क्यांपासून पाच वर्षांत 50 पर्यंत. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आणि पॉलिसी संपून 90 दिवस गेले की तो जातो. तुमचा किती आहे ते गेल्या वर्षीच्या पॉलिसीत पाहा आणि नव्या अर्जात तोच आकडा आहे ना ते स्वतः वाचा. हे काम कुणावर सोपवू नका.

आता तुमच्या दोन खोल्यांविषयी. तुम्ही ते सहज लिहिलंत, पण मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा धोका तिथेच दिसतो. पाहुणे कोकण रेल्वेने चिपळूणला उतरतात. त्यांना आणायला तुम्ही स्वतःची गाडी घेऊन जात असाल, आणि डिझेल-पेट्रोलचे म्हणून काही पैसे घेत असाल, तर ती गाडी भाड्याने वापरली असं होतं. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर चालत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. वाटेत अपघात झाला आणि मागे बसलेल्या पाहुण्यांनी जबाबात सांगितलं की आम्ही गाडीचे पैसे दिले, तर क्लेम अडकतो. कुणाला दुखापत झाली असेल तर ती भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. मुरुड, हर्णै, गणपतीपुळे, तारकर्ली, कुठेही जा, घरगुती राहण्याची सोय करणारी अर्धी माणसं हे रोज करतात. मनात काही वाईट नसतं, पाहुण्याला स्टँडवर ताटकळत ठेवू नये एवढंच असतं. पण पैसे घेऊन आणायचं असेल तर पिवळ्या पाटीची गाडी ठरवून द्या. चिपळूणच्या माणसाला हे उघडपणे विचारा. "काही होत नाही हो, बिनधास्त आणा," असं तो म्हणाला, तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. माझ्या दृष्टीने त्याची खरी परीक्षा हीच.

समुद्राजवळ राहता म्हणून आणखी एक. खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा गंजतो, सायलेन्सर सडतो. ती झीज. ती कुठल्याही विम्यात येत नाही आणि त्यावरून सर्व्हेअरशी भांडण्यात अर्थ नाही. वादळाने माड पडला, गडगा कोसळला, घाटात दरड आली, पुराचं पाणी शिरलं, हे सगळं फुल इन्शुरन्समध्ये येतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, श्रीवर्धनकडे कितीतरी गाड्या झाडांखाली गेल्या. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी होती त्यांना काहीही मिळालं नाही, कारण थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल तेवढंच.

माझ्या गावचा माणूस आहे म्हणून क्लेम पास होतो असं मात्र समजू नका. नुकसान कंपनीचा सर्व्हेअर ठरवतो, आणि पैसेही कंपनीच देते. माणसाचा उपयोग दुसरीकडे आहे. कुठल्या वेळी काय करू नये ते तो सांगतो. कळवायला उशीर होऊ देत नाही. गुहागरहून चिपळूणच्या गॅरेजला साधारण 45 किलोमीटर गाडी उचलून न्यायची तर टोइंगचे किती पैसे पॉलिसीत बसतात ते त्याला आधीच माहीत असतं. सर्व्हेअर येतो त्या दिवशी तो गॅरेजमध्ये हजर असतो आणि यादीतून सुटलेली वस्तू दाखवून देतो. आमच्या शेजाऱ्यांच्या यादीत दोन पार्ट असेच वाढले.

तेव्हा त्याला विचारायचं ते असं. इंजिन प्रोटेक्शन आणि झिरो डेप या 11,900 मध्ये आहे का? या कंपनीचं कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथे क्लेमचे पैसे कंपनी थेट गॅरेजला देते ते, चिपळुणात कुठलं? गेल्या पावसाळ्यात तुम्ही कुणाचा क्लेम करून दिलात, त्यांच्याशी मी बोलू का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. चांगला माणूस लगेच दोन नावं सांगतो.

शोरूमविषयी फारसं सांगण्यासारखं नाही. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. कॅशलेस सोय विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातली असते, पॉलिसी बाहेरून घेतली तरी ती मिळते. 14,500 कशाचे, ते लेखी मागा.

ऑनलाइन घ्यायला मी कधी सांगतो? गाडी बारा-पंधरा वर्षांची आहे, फक्त थर्ड पार्टी हवी आहे, तर थेट कंपनीच्या साइटवरून पाच मिनिटांत काढा, मध्ये कुणी नको. किंवा तुम्ही अर्ज ओळ न ओळ वाचणारे असाल आणि गाडी मुंबई-पुण्यात असेल तरी चालेल. तुमच्या बाबतीत ऑनलाइन आकड्याचा उपयोग एवढाच की तो चिपळूणच्या माणसाला दाखवा. तो थोडं खाली येईल.

हे सगळं जूनच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पावसात रेंज गेली आणि पॉलिसीची तारीख उलटली, तर गाडीची पुन्हा तपासणी आणि तोवर गाडी दारात उभी. शिवाय विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड. मे महिन्यातच काढा, नवी पॉलिसी जुनी संपेल त्या तारखेपासून लागते.

पुढे कधी क्लेम नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. त्यांनी ऐकलं नाही किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. मेहुणे तिथे गेले नाहीत, कारण अर्जावर सही त्यांचीच होती.

पॉलिसी हातात आली की वरचा क्यूआर कोड स्कॅन करून ती खरी आहे का पाहा. मग नाव, गाडीचा नंबर, इंजिन नंबर आरसीशी ताडा. काही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. आणि एक कागद घरात सगळ्यांना दिसेल असा चिकटवा: पॉलिसी नंबर, कंपनीचा फोन, त्या माणसाचा फोन, आणि खाली मोठ्या अक्षरात, पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. आमच्या घरी तो कागद आता दाराच्या मागे आहे. भाच्यानेच लिहून लावला.