डेव्हिल्ड एग्जवर कोळ्याची जाळी: अंडं आडवं कापा

डेव्हिल्ड एग्ज म्हणजे उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या भागात बलकाचं तिखटसर सारण भरलेला पदार्थ. टरफलाला तडे देऊन अंडी रंगात बुडवली, तरी ताटात कोळ्याची जाळी का दिसली नाही, असं तुम्ही विचारलंत. तुमची जाळी उमटली, पण दिसली नाही, कारण अंडी नेहमीसारखी उभी कापलीत. नक्षी पांढऱ्याच्या बाहेरच्या बाजूला असते. उभ्या फोडी मांडल्या की ती खाली दडते. हॅलोवीनसाठी अंडं आडवं कापा, म्हणजे दोन वाट्या होतील. बुडाशी पातळ चकती छाटली की वाटी नीट उभी राहते आणि जाळी चहूबाजूंनी दिसते.

आता सहा अंड्यांचं प्रमाण. अगदी ताजी अंडी नकोत, आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली घ्या. ताज्या अंड्याचा पांढरा आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि सोलताना लचके निघतात. फ्रिजमधली अंडी थेट उकळत्या पाण्यात सोडा, बारा मिनिटं ठेवा, मग बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं. जास्त उकळलीत तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. तो लोह आणि गंधकाचा संयोग आहे, अंडं खराब नसतं.

टरफल चमच्याच्या पाठीने हलकेच टिचवत अंडं फिरवा. तडे बारीक आणि सगळीकडे हवेत. तुकडा निघाला की तिथे जाळीऐवजी डाग पडतो. दोन कप पाण्यात अर्धा टीस्पून काळा जेल रंग (खाण्याचा घट्ट रंग) नीट विरघळवा, अंडी बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी धुऊन, कोरडी करून मगच सोला, नाहीतर ओल्या हातांचा रंग पांढऱ्यावर फासला जातो. जेल नको असेल तर जांभळ्या कोबीचं उकळलेलं पाणी गार करून वापरा, मात्र व्हिनेगर न घालता. अंड्याचा पांढरा अल्कलाइन असल्याने जाळी निळसर येते, आणि माझ्या मते काळ्यापेक्षा तीच जास्त भुताटकीची दिसते.

सारणासाठी बलक गार झाल्यावर चाळणीतून घासून काढा. त्यात तीन टेबलस्पून मेयोनीज, एक टीस्पून मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), अर्धा टीस्पून व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर तिखट. नावातला 'डेव्हिल' हॅलोवीनचा नाहीच, तो तिखटपणाचा आहे, तेव्हा तिखट वगळू नका. मेयोनीज एकदम ओतू नका. सारण सैल झालंच तर आणखी एका उकडलेल्या अंड्याचा बलक मिसळा. गरम बलकात मेयोनीज फुटून तेल सुटतं. सारण झिपच्या पिशवीत भरून टोक कापा आणि मेंदीच्या कोनासारखं दाबा.

कोळ्यासाठी बिनबियांचा काळा ऑलिव्ह उभा चिरा: एक अर्ध धड, दुसऱ्याच्या आडव्या पातळ कापांचे आठ पाय. आधी कागदाने टिपा, नाहीतर काळं पाणी सारणात उतरतं.

पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) वाट्या आणि सारण वेगवेगळं न्या, तिथेच भरा. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पार्टी लांबणार असेल तर ताट बर्फावर मांडा.