ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जमत होतं, घरच्या गाडीत क्लच सोडला की बंद पडते. पुन्हा क्लास लावू का?

अजिबात लावू नका. तुमचं खरं शिकणं आत्ता कुठे सुरू झालंय.

स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, नियमच आहे तसा. आमचे सर तोंडाने "छान, छान" म्हणायचे आणि पायाने गाडी सांभाळून घ्यायचे. मला वाटायचं, मीच चालवतेय! घरच्या गाडीत बसले, तर सोसायटीच्या गेटपाशीच गचका खाऊन बंद. मागे दूधवाल्याचा हॉर्न, शेजारी आमचा दादा. गाडी बंद पडायच्या आतच तो "क्लच दाब, क्लच!" म्हणून ओरडणार, वर हँडब्रेक खेचणार. पाय नेमका कुठे चुकला हे पायाला कळणार कधी? "चुका करू दिल्या की त्यांचीच सवय लागते," हा त्याचा सिद्धांत. साफ खोटा.

तो बदलीवर गेल्यावर मी पहाटे एकटीच पार्किंगमध्ये बसायला लागले. सपाट जागा, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. क्लच सावकाश सोडत आणला की एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगला बारीक थरथर येते. तो हाफ क्लच. तिथून घाई केली की बंद. असं बंद पाडत पाडतच पाय त्या जागी आपोआप थबकायला लागला.

लहान मेंदूचं कामच हे. हालचालीआधी तो अंदाज बांधतो, प्रत्यक्षात फरक निघाला की पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. शदमेहर आणि मुसा-इव्हाल्दी या शास्त्रज्ञांचा १९९४ चा प्रयोग बघा. हातात यंत्राचा दांडा, यंत्र हाताला बाजूला ढकलतं. आधी हात वाकडा जातो, सरावाने सरळ होतो. मग ढकलणं अचानक बंद केलं की तोच हात उलट्या बाजूला वाकडा जातो! स्कूलच्या क्लचचा हिशोब तुमच्या पायात तसाच बसलाय, तो मोडायला वेळ द्या.

हां, हे रिकाम्या जागी करा, भर बाजारात नको. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, प्लेट जळते. लायसन्स अजून लर्निंगचं असेल तर शेजारी पक्क्या लायसन्सवालं कुणीतरी लागतंच. फक्त समोर माणूस येईपर्यंत त्याला गप्प बसायला सांगा. आमच्या दादाला ते आजही जमत नाही.