वाचकांचे प्रश्न : रोमा वस्त्यांचा वारसा आणि आपली गल्ली

प्रश्न : बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात आमच्या गल्लीलगत घिसाडी समाजाची काही कुटुंबे दोन पिढ्यांपासून स्थायिक आहेत. वडीलधारी माणसे अजून भाता चालवतात, तरुण मात्र उद्यमबागेतील कारखान्यांत जातात. घरात त्यांची स्वतःची बोली आहे, पण मुले ती बाहेर बोलत नाहीत. युरोपातील शहरांत रोमा लोकांच्या (ज्यांना पूर्वी ‘जिप्सी’ म्हणत) संस्कृतीचे जतन केले जाते, असे वाचनात आले. त्या धर्तीवर गणेशोत्सवात या समाजाच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवावे, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. त्यांच्या अनुभवातून आम्ही काय घ्यावे?

उत्तर : आपल्या मंडळाला हा विचार सुचला, याचे मनापासून स्वागत. तथापि वस्तू गोळा करण्यापूर्वी इस्तंबूलच्या सुलुकुले वस्तीचे काय झाले, ते आपण सर्वांनी समजून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. जुन्या तटबंदीला लागून असलेली ही रोमा वस्ती शतकानुशतके वादक आणि नर्तकांची म्हणून ओळखली जात होती. तेथील कुटुंबे आपल्या घरांतच पाहुण्यांसाठी गाण्याबजावण्याच्या मैफली भरवत आणि त्यावर वादकांपासून स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत साऱ्या गल्लीचे पोट चाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ही करमणूकघरे बंद पाडण्यात आली, उत्पन्न आटले आणि घरांची दुरुस्ती थांबली. पुढे २००५ च्या एका कायद्याच्या आधारे हीच मोडकळीस आलेली वस्ती ‘नूतनीकरणा’साठी निवडण्यात आली. २००८-०९ मध्ये ती बहुतांश पाडली गेली. शहराच्या या ऐतिहासिक भागाला १९८५ पासून जागतिक वारशाचा दर्जा होता, तरीही ती वाचली नाही. सुमारे चाळीस किलोमीटरवरील ताशोलुक येथे ज्यांना सदनिका मिळाल्या, त्यांतील अनेकांना हप्ते आणि प्रवासखर्च झेपला नाही. ते परत येऊन जुन्या वस्तीच्या आसपास भाड्याने राहू लागले. न्यायालयाने २०१२ मध्ये प्रकल्प रद्द ठरवला, तेव्हा नवी घरे उभी राहिलेली होती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या मंडळाने पहिला प्रश्न वस्तूंचा नव्हे, जागेचा विचारावा. त्या कुटुंबांच्या घरांची हक्कपत्रे आहेत काय, भाता आणि ऐरण मांडायला त्यांना कायमची जागा आहे काय, आणि रस्ता रुंद झाला किंवा गटार बांधले गेले तर पहिला हातोडा कोणाच्या छपरावर पडेल, हे आधी पाहावे. सीमाभागात कागदपत्रांची एक वेगळीच अडचण आहे. लमाण आणि वडार समाज कर्नाटकात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या नातेवाइकांचे दाखले पाहून इकडे अर्ज केला तर तो अडतो. मंडळातील एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याने या कामी मदत केली, तर ती कोणत्याही प्रदर्शनाइतकीच वारशाची सेवा ठरेल.

आता आशादायक उदाहरण. झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात रोमा संस्कृतीचे संग्रहालय १९९१ मध्ये स्थापन झाले, आणि त्यात रोमा कार्यकर्त्यांचाच पुढाकार होता. शहराच्या मध्यवर्ती चौकाऐवजी ब्रातिस्लावस्का रस्त्यावर, म्हणजे रोमा कुटुंबे राहतात त्याच भागात, ते उभे आहे. तेथे पोशाख, अवजारे आणि ध्वनिमुद्रणे जपली जातातच, शिवाय वस्तीतील मुलांच्या अभ्यासालाही हातभार लावला जातो. दुसरी गोष्ट आपल्या गल्लीला विशेष लागू पडते. झेक प्रदेशातील मूळचे बहुतेक रोमा दुसऱ्या महायुद्धात नाझींनी मारले. आज तेथे दिसणारी बरीच रोमा कुटुंबे युद्धानंतर स्लोव्हाकियातून कारखान्यांच्या कामासाठी आलेल्यांची वंशज आहेत. म्हणजे वस्ती दोन-तीन पिढ्यांचीच असली तरी तिचा वारसा जपण्याजोगा असतो. आपल्याकडील फिरस्ती थांबून उद्यमबागेची नोकरी कशी सुरू झाली, हासुद्धा त्या कुटुंबांच्या इतिहासाचाच भाग आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे.

प्रदर्शन भरवायचेच असेल, तर माणसांना मखरात बसवू नये. काम दाखवावे. कुदळ कशी शेवटतात (झिजलेले टोक पुन्हा घडवतात), विळ्याला पाणी किती आणि केव्हा देतात, तापल्या लोखंडाचा रंग पाहून कारागीर काय ओळखतो, हे त्यानेच सांगावे. घिसाड्यांत घण बहुधा बाई मारते, ही गोष्ट शेजारी राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, तेव्हा निवेदनाचा मान तिलाही मिळावा. त्या दिवसाची मजुरी ठरवून द्यावी आणि केलेली अवजारे विकण्याची सोय करावी.

प्रश्न : रोमा हे आपल्याकडच्या भटक्या जमातींचेच वंशज आहेत, हे खरे काय?

उत्तर : रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, याला भाषाशास्त्र आणि जनुकशास्त्र या दोहोंचा आधार आहे. रोमानी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेला चंदीगडचे डब्ल्यू. आर. ऋषी उपस्थित होते, आणि तेथे स्वीकारलेल्या निळ्या-हिरव्या ध्वजावर भारताशी नाते सुचवणारे लाल चक्र आहे. परंतु एवढ्यावरून आजच्या घिसाडी, लमाण किंवा डोंबारी समाजाशी त्यांचे थेट नाते जोडणे योग्य नाही. रोमांतही तांबटकाम करणारे काल्देराश, घोड्यांचा व्यापार करणारे लोवारी असे व्यवसायावरून पडलेले गट आहेत. हे साम्य फिरत्या व्यवसायांतून आलेले आहे, त्याला रक्ताच्या नात्याचा पुरावा मानता येत नाही.

प्रश्न : वृद्धांची गाणी आणि बोली मोबाइलवर मुद्रित करून यूट्यूबवर टाकावी काय?

उत्तर : मुद्रित जरूर करावी, पण ती सर्वांसाठी खुली करण्याची घाई करू नये. जर्मनीतील सिंती या रोमांच्याच एका शाखेतील अनेक जण आपली भाषा परक्यांना शिकवण्यास आजही नकार देतात, आणि त्यामागे भयंकर कारण आहे. नाझी काळात रॉबर्ट रिटर यांच्या वंशसंशोधन केंद्रातील एव्हा युस्टिन ही सहकारी त्यांची भाषा शिकली, तिने त्या जोरावर त्यांचा विश्वास मिळवला आणि घराघरांच्या वंशावळी उतरवून घेतल्या. त्या नोंदी पुढे छळछावण्यांकडे पाठवणी करताना वापरल्या गेल्या. आपल्याकडेही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींची नोंदवही आणि हजेरी सुरू झाली, आणि पुढे १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही घेतले जाऊ लागले. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, त्यातील हुबळी, गदग आणि विजापूर येथे अशा जमातींच्या सक्तीच्या वसाहती होत्या. हा कायदा १९५२ मध्ये गेला, तरी नाव-गाव लिहून घेणाऱ्या माणसाविषयीची भीती अनेक घरांत टिकून आहे, आणि ती निराधार म्हणता येत नाही.

२०१९ मध्ये खुल्या झालेल्या ‘रोमआर्काइव्ह’ या डिजिटल संग्रहात काय घ्यावे आणि कसे मांडावे, याचा निर्णय मुख्यतः रोमा अभ्यासकांनी घेतला. आपणही तेच करावे. मुद्रणाची एक प्रत प्रथम त्या कुटुंबाला द्यावी. कोणते गाणे बाहेर जाईल, कोणते देवकार्याचे म्हणून घरातच राहील, हे त्यांना ठरवू द्यावे, आणि नंतर मन बदलले तर मुद्रण मागे घेण्याची मुभा ठेवावी. बोलीची लेखी नोंद देवनागरीत करून शेजारी मराठी आणि कन्नड अर्थ लिहावा, म्हणजे त्या घरातील मूल कोणत्याही माध्यमाच्या शाळेत जात असले तरी त्याला ती वाचता येईल. कुटुंबांची संमती असेल, तर १८४८ पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे एक प्रत ठेवण्याविषयी विचारणा करावी, आणि ती विचारणा करायला मंडळाच्या प्रतिनिधीबरोबर त्या समाजातील एक व्यक्तीही जावी.